जोडताऱ्यांमधला वायू कुठे जातो? तीन आकड्यांवरून हिशेब मांडण्याची पद्धत

ययाती तारकासमूहातला अल्गॉल दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो. एरवी २.१ प्रतीचा (प्रतीचा आकडा मोठा तितका तारा मंद) असणारा हा तारा ३.४ प्रतीपर्यंत उतरतो आणि साधारण दहा तासांत पुन्हा मूळ तेजावर येतो. १७८३ साली जॉन गुडरिकने या आवर्तनाची नोंद जाहीर केली, तेव्हा तो १८ वर्षांचा होता आणि त्याला ऐकू येत नव्हतं. ताऱ्यासमोरून काहीतरी अंधारं जात असावं, ही त्याची सूचना पुढे खरी ठरली: अल्गॉल ही एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांची जोडी आहे.

खरं कोडं नंतर पडलं. या जोडीतला तेजस्वी तारा सूर्याच्या ३.१७ पट वस्तुमानाचा आहे आणि अजून ऐन उमेदीत आहे. दुसरा फक्त ०.७० पट, पण म्हातारा होऊन फुगलेला. जड तारा आपलं इंधन लवकर संपवतो आणि आधी म्हातारा होतो, हा ताऱ्यांचा नियम. इथे नेमकं उलटं दिसतं. १९५५ साली जॉन क्रॉफर्डने याचं उत्तर सुचवलं: आज हलका दिसणारा तारा जन्मतः जड होता. तो फुगला आणि त्याचा बराचसा वायू जोडीदाराकडे गेला.

हा वायू कसा जातो, किती वेगाने जातो आणि पोचल्यावर त्याचं काय होतं, हे समजायला महासंगणक लागतोच असं नाही. दोन वस्तुमानं आणि एक आवर्तनकाल एवढे तीन आकडे आणि घातांक काढणारा साधा कॅल्क्युलेटर असला की गोष्टीचा सांगाडा हाती येतो. संगणकावर बनवलेली रंगीत चित्रं मला आवडतात, पण ती बघण्याआधी हा हिशेब एकदा हाताने करावा, असं माझं ठाम मत आहे. चित्रात काय घडतंय ते दिसतं. ते तसंच का घडायला हवं, हे हिशेब सांगतो.

उदाहरणादाखल दोन जोड्या शेवटपर्यंत सोबत ठेवू. एक अल्गॉल. दुसरी मी मुद्दाम बेतलेली, पण आकाशात जिच्यासारख्या पुष्कळ आहेत अशी: सूर्याच्या ०.८ पट वस्तुमानाचा श्वेत बटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, अतिशय दाट गाभा), त्याच्याभोवती ०.३२ पट वस्तुमानाचा तांबडा तारा, आवर्तनकाल ४ तास. तिला चार तासांची जोडी म्हणू.

पहिली पायरी: आकडे गोळा करणं

वायू देणाऱ्या ताऱ्याला दाता म्हणू आणि त्याचं वस्तुमान द. घेणाऱ्याला ग्राहक म्हणू आणि त्याचं वस्तुमान घ. दोन्ही सूर्याच्या पटीत. आवर्तनकाल का, दिवसांत. आवर्तनकाल तेजाच्या आलेखावरून अतिशय अचूक मिळतो. वस्तुमानं मिळवणं कष्टाचं असतं: वर्णपटातल्या रेषा मागेपुढे सरकतात, त्यावरून दोघांचे वेग काढायचे आणि पिधानावरून, म्हणजे एक तारा दुसऱ्याला झाकतो त्यावरून, कक्षेचा कल. दोघांच्या रेषा दिसत असतील तर काम पक्कं होतं. एकाच्याच दिसत असतील तर वस्तुमानात मोठी अनिश्चितता राहते, आणि पुढच्या प्रत्येक उत्तरात ती उतरते.

मग दोन वस्तुमानांचं प्रमाण काढायचं:

प्र = द ÷ घ

इथे एक धोका आहे आणि त्यात मी स्वतः अडकलो आहे. काही पुस्तकांत हे प्रमाण दाता भागिले ग्राहक असं घेतात, काहींत बरोबर उलट. सूत्र एका ठिकाणचं आणि व्याख्या दुसऱ्या ठिकाणची घेतली की उत्तर शहाण्यासारखं दिसतं, पण चुकीचं असतं. सूत्र वापरण्यापूर्वी एक चाचणी करा: ज्या ताऱ्याचा रोश लोब (तिसऱ्या पायरीत येणारी त्याची हद्द) काढताय तो हलका धरला तर उत्तर लहान यायला हवं.

अल्गॉलसाठी प्र = ०.७० ÷ ३.१७ = ०.२२१. चार तासांच्या जोडीसाठी ०.४.

दुसरी पायरी: दोघांमधलं अंतर

केप्लरचा तिसरा नियम सोयीच्या एककांत असा लिहिता येतो:

अ = ४.२१ × (द + घ)^(१/३) × का^(२/३)

उत्तर सूर्याच्या त्रिज्येच्या पटीत येतं. अल्गॉलसाठी एकूण वस्तुमान ३.८७ आणि काल २.८६७ दिवस, म्हणून अ = १३.३, म्हणजे सुमारे ९३ लाख किलोमीटर. चार तासांच्या जोडीत का = ०.१६६७ दिवस आणि अ = १.३२, म्हणजे सव्वानऊ लाख किलोमीटरच्या आत. सूर्याचा व्यासच सुमारे १४ लाख किलोमीटर आहे. म्हणजे ही दुसरी जोडी कक्षेसकट सूर्याच्या पोटात जवळजवळ मावेल.

तिसरी पायरी: दात्याची हद्द

जोडी ज्या गतीने फिरते त्याच गतीने आपणही तिच्यासोबत फिरत आहोत, अशी कल्पना करा. आता दोन्ही तारे जागच्या जागी उभे दिसतात आणि वायूच्या कणावर तीन गोष्टींचा ताण येतो: एका ताऱ्याचं गुरुत्व, दुसऱ्याचं गुरुत्व आणि फिरण्यामुळे बाहेर ढकलणारं केंद्रोत्सारी बल. कण हलू लागला की चौथं, कोरिओलिस बलही येतं. ते पाचव्या पायरीवर सगळा खेळ बदलून टाकतं, सध्या बाजूला ठेवू.

पहिल्या तिघांची बेरीज डोंगराळ मुलखाच्या नकाशासारखी दिसते. दोन खोल दऱ्या, प्रत्येकीच्या तळाशी एक तारा आणि दऱ्यांच्या मधे एक खिंड. या खिंडीला पहिला लाग्रांज बिंदू, थोडक्यात एल-१, म्हणतात. खिंडीच्या उंचीपर्यंत दरी भरली तर जेवढी जागा व्यापली जाईल तो त्या ताऱ्याचा रोश लोब. तारा त्याहून लहान असेपर्यंत त्याचा वायू त्याच्याच मालकीचा. लोब भरला की खिंड ही धरणाच्या सांडव्यासारखी होते आणि पाणी पलीकडे उतरू लागतं.

पुष्कळ ठिकाणी 'एक तारा दुसऱ्याचा वायू ओढून घेतो' असं लिहिलेलं असतं. मला ते शब्द खटकतात. जोडीदार किती जोरात ओढतो यावर काही अवलंबून नसतं. दात्याची पातळी सांडव्यापर्यंत आली की नाही, एवढाच प्रश्न असतो.

लोबचा आकार थेंबासारखा असतो, पण त्याच्याइतकंच आकारमान असलेल्या गोलाची त्रिज्या काढली की काम भागतं. पीटर एगलटनने १९८३ साली दिलेलं सूत्र कुठल्याही प्रमाणाला चालतं आणि त्याची चूक एक टक्क्याच्या आत राहते:

लोबची त्रिज्या ÷ अ = ०.४९ × प्र^(२/३) ÷ [०.६ × प्र^(२/३) + नैसर्गिक लॉग(१ + प्र^(१/३))]

अल्गॉलसाठी प्र^(१/३) = ०.६०५ आणि प्र^(२/३) = ०.३६५. वरची बाजू ०.१७९, खालची ०.६९२, उत्तर ०.२५९. त्याला १३.३ ने गुणलं की ३.४५. निरीक्षणांवरून या दात्याची मोजलेली त्रिज्या सूर्याच्या साडेतीन पटींच्या आसपास आहे. म्हणजे तारा आपली हद्द काठोकाठ भरून बसला आहे. हे उत्तर पहिल्यांदा जुळतं तेव्हा होणारा आनंद वेगळाच असतो. म्हणून ही आकडेमोड वाचून सोडू नका, करून पाहा.

आता प्रमाण उलटं करून बघा. प्र = ४.५३ घेतलं तर लोब ६.८ येतो. ही ग्राहकाची हद्द आहे, आणि २.७ त्रिज्येचा तो तारा तिच्यात ऐसपैस बसतो. दात्याच्या जागी चुकून हा आकडा वापरला असता तर दाता अर्धाच भरलाय आणि वायू वाहतच नाही, असा निष्कर्ष निघाला असता.

चार तासांच्या जोडीत लोब ०.४० येतो. म्हणजे ०.३२ वस्तुमानाचा तारा ०.४० त्रिज्येचा असायला हवा. छोट्या तांबड्या ताऱ्यासाठी ही त्रिज्या किंचित फुगीर असली तरी पटण्यासारखी आहे.

एक आडवाट इथेच दाखवतो. लोब भरलेल्या दात्याची सरासरी घनता जवळजवळ पूर्णपणे आवर्तनकालावरच ठरते:

घनता = ११० ÷ (तासांतला काल)², ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर

दाता जोडीदाराहून हलका असला की हे चांगलं लागू पडतं. ४ तासांना ६.९ येतं, म्हणजे लोखंडापेक्षा थोडं कमी. अल्गॉलचे ६८.८ तास घातले की ०.०२३, पाण्यापेक्षा चाळीसपटींहून विरळ: फुगलेला तारा. वस्तुमान माहीत नसतानाही, नुसत्या घड्याळावरून, दाता कोणत्या जातीचा असावा याचा अंदाज येतो.

चौथी पायरी: सांडव्यावरचा वेग आणि रुंदी

खिंडीत पोचलेल्या वायूला पुढे ढकलणारं फक्त त्याचं स्वतःचं तापमान असतं, म्हणून तो सुमारे ध्वनीच्या वेगाने खिंड ओलांडतो. दाता ३,५०० केल्विनचा असेल तर हा वेग सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर. चार तासांच्या जोडीत दोन ताऱ्यांचा एकमेकांसापेक्ष कक्षीय वेग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर आहे. ऐंशीपट फरक. या एका गुणोत्तरातून दोन गोष्टी ठरतात. एक, प्रवाह अरुंद असतो: त्याची रुंदी साधारणपणे अंतराच्या ऐंशीव्या भागाएवढी, इथे ११,००० ते १२,००० किलोमीटर. दोन, खिंडीपलीकडे वायूचा दाब नगण्य ठरतो आणि प्रवाह भिरकावलेल्या दगडासारखा निव्वळ गुरुत्वाच्या व फिरण्याच्या नियमांनी जातो. स्टीफन लुबो आणि फ्रँक शू यांनी १९७५ साली हा विचार पद्धतशीरपणे मांडला. वायूचं सगळं गणित सोडवण्याऐवजी एकेका कणाचा मार्ग काढून चालतं ते यामुळेच.

किती वायू जातो, हा प्रश्न जास्त नाजूक. ताऱ्याला कडा नसते. त्याचं वातावरण वर वर विरळ होत जातं. आपल्या तांबड्या दात्याची त्रिज्या सुमारे २,८०,००० किलोमीटर आहे, पण वातावरणाची घनता २.७ पटींनी घटायला ढोबळमानाने ४० किलोमीटर पुरतात. म्हणजे ताऱ्याचा पृष्ठभाग लोबच्या तुलनेत एवढासा सरकला तरी प्रवाह पावणेतीनपट वाढतो किंवा घटतो. म्हणून त्रिज्येवरून प्रवाहाचा दर काढायच्या फंदात पडू नका. इतकी अचूक त्रिज्या कोणाकडेच नसते. दर काढायचा तो सातव्या पायरीतल्या पद्धतीने, किंवा तेजावरून.

पाचवी पायरी: प्रवाह पडतो कुठे?

सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे, म्हणून सावकाश जाऊ.

खिंडीतला वायू सरळ ग्राहकावर पडेल असं वाटतं. पण खिंड स्वतः जोडीसोबत फिरत असते, त्यामुळे तिथून निघालेल्या वायूकडे आडवा वेग, म्हणजेच कोनीय संवेग, आधीच असतो. सोबत फिरणाऱ्याच्या नजरेतून हेच कोरिओलिस बल: प्रवाह जोडीच्या फिरण्याच्या दिशेने पुढे वळतो आणि ग्राहकाच्या बाजूने निघतो. तो ग्राहकाच्या किती जवळ येईल याचं उत्तर प्र ०.०५ ते १ च्या दरम्यान असेल तर असं:

सर्वांत जवळचं अंतर ÷ अ = ०.०४८८ × प्र^(−०.४६४)

आणि या वायूने आपला कोनीय संवेग न गमावता ग्राहकाभोवती गोल फिरायचं ठरवलं, तर त्या वर्तुळाची त्रिज्या:

वर्तुळाची त्रिज्या ÷ अ = (१ + प्र) × [०.५ − ०.२२७ × दशमान लॉग(प्र)]^४

चौकोनी कंसातला भाग म्हणजे ग्राहकापासून खिंडीपर्यंतचं अंतर, अ च्या पटीत.

चार तासांच्या जोडीत पहिलं उत्तर ०.०७५, म्हणजे सुमारे ६९,००० किलोमीटर. श्वेत बटूची त्रिज्या सुमारे ७,००० किलोमीटर. प्रवाह बटूला दहापट अंतराने चुकवतो, वळसा घालून परत येतो आणि स्वतःवरच आदळतो. या धडकेत ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते, पण कोनीय संवेग तसाच राहतो. ऊर्जा घटली आणि संवेग तेवढाच राहिला की उरते ती गोल कक्षा. दुसऱ्या सूत्राने तिची त्रिज्या १,५७,००० किलोमीटर येते. तिथे आधी कडं तयार होतं, आणि कडं पसरून तबकडी.

आता अल्गॉल. पहिलं उत्तर ०.०९८, गुणिले १३.३, म्हणजे १.३ सूर्यत्रिज्या. पण ग्राहकाची त्रिज्याच २.७ आहे! प्रवाहाला वळसा घालायला जागाच नाही. तो थेट ताऱ्याच्या अंगावर आदळतो. दुसरं उत्तर २.९, म्हणजे वर्तुळ पृष्ठभागाच्या जेमतेम बाहेर. त्यामुळे इथे जाड, टिकाऊ तबकडी जमत नाही. ताऱ्याच्या विषुववृत्ताजवळ वायूचा विस्कळीत पट्टा आणि आदळण्याच्या जागेचा तापलेला भाग एवढंच अपेक्षित धरावं.

पहिलं उत्तर ग्राहकाच्या त्रिज्येपेक्षा मोठं आहे की लहान, या एका तुलनेवर तबकडी की थेट मारा हे ठरतं.

सहावी पायरी: तबकडीतून आत

गोल फिरणारा वायू आपणहून आत पडत नाही. आत जायचं तर संवेग कोणाला तरी द्यावा लागतो. आतले थर वेगाने फिरतात, बाहेरचे सावकाश. त्यांच्यातल्या घासण्यातून संवेग बाहेर जातो आणि वस्तुमान आत. साध्या रेणूंची श्यानता, म्हणजे चिकटपणा, यासाठी फारच अपुरी पडते. निकोलाय शाकुरा आणि रशीद सुन्यायेव यांनी १९७३ साली ही अडचण एका अंकात, 'आल्फा'मध्ये, बांधून ठेवली आणि बाकीचं गणित पुढे नेलं. त्यामागचं कारण १९९१ साली स्टीव्हन बालबस आणि जॉन हॉली यांनी दाखवलं: फिरणाऱ्या, विद्युतभारित वायूत क्षीण चुंबकीय क्षेत्र असलं तरी ते शेजारच्या थरांना रबराच्या दोरीसारखं जोडतं, आणि त्यातून खळबळ माजते.

तेज काढणं सोपं आहे. श्वेत बटूपर्यंत पोचलेला प्रत्येक ग्रॅम सुमारे १.५ × १०^१७ अर्ग ऊर्जा सोडतो. वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाचा एक अब्जांश भाग येत असेल, म्हणजे सेकंदाला सुमारे ६३ अब्ज टन, तर मिळणारं तेज सूर्याच्या अडीच पट. यातलं साधारण अर्धं तबकडीतून बाहेर पडतं, उरलेलं बटूच्या पृष्ठभागाजवळ. दाता स्वतः याच्या शंभराव्या भागाएवढाही प्रकाश देत नाही. म्हणून अशा जोडीकडे बघताना आपल्याला मुख्यतः तारे दिसतच नाहीत, वाहणारा वायू दिसतो.

तबकडी सतत एकसारखी वाहते असंही नाही. वायू थंड असताना हायड्रोजन विद्युतभारित नसतो, घासणं कमी असतं आणि माल साठत जातो. तापमान काही हजार केल्विनांपुढे गेलं की हायड्रोजनचं आयनीभवन होतं, घासणं वाढतं आणि साठलेला माल भसकन आत जातो. मिथुनेतला यू जेमिनोरम हा तारा १८५५ साली जॉन रसेल हाइंडला अशाच एका उफाळ्यात सापडला. त्याचा आवर्तनकाल सव्वाचार तासांचा, आपल्या उदाहरणाच्या अगदी शेजारचा.

सातवी पायरी: देवाणघेवाणीने कक्षा कशी बदलते

वायू जोडीतच राहिला आणि एकूण कोनीय संवेग कायम राहिला असं धरू. वायू जाण्याचा दर वर्षाला र असेल तर:

कालातला वार्षिक बदल ÷ काल = ३ × र × (१/द − १/घ)

दाता हलका असेल तर कंस धन, म्हणजे काल वाढतो आणि तारे दूर जातात. दाता जड असेल तर ऋण: तारे जवळ येतात, लोब आक्रसतो, अजून वायू सांडतो.

स्वरमंडळातला बीटा लायरी यासाठी नमुनेदार आहे. अभिजितच्या जवळच नुसत्या डोळ्यांनी दिसणारा हा तारा. त्याचा बदलही गुडरिकनेच, १७८४ साली, टिपला. काल १२.९४ दिवस, आणि तो दरवर्षी सुमारे १९ सेकंदांनी वाढतो. दाता सुमारे ३, ग्राहक सुमारे १३ सूर्यवस्तुमानांचा. १२.९४ दिवस म्हणजे ११,१८,००० सेकंद, म्हणून डावी बाजू ०.००००१७ (शून्यं मोजून लिहा, चूक इथेच होते). कंस ०.२५६, तिप्पट ०.७७. म्हणून र = ०.००००२२ सूर्यवस्तुमान दरवर्षी. पृथ्वीच्या भाषेत, वर्षाला सात पृथ्व्या. ग्राहक एवढ्या जाड तबकडीत गुरफटलेला आहे की चौपट जड असूनही तो थेट दिसत नाही.

१९ सेकंद मोजायचे कसे? ते साठत जातात. काल कायम धरून मांडलेल्या वेळापत्रकापेक्षा प्रत्यक्ष पिधान किती उशिरा आलं, याचा आलेख काढायचा. बदल स्थिर असेल तर तो अन्वस्ताच्या आकाराचा होतो आणि त्याचं माप:

साठलेला फरक = १/२ × (कालातला वार्षिक बदल ÷ काल) × (वर्षं)²

बीटा लायरीसाठी १०० वर्षांत ०.०८५ वर्ष, म्हणजे ३१ दिवस. त्यामुळे जुन्या, साध्या डोळ्यांनी केलेल्या नोंदींनाही इथे मोठं मोल आहे. एक सावधगिरी मात्र बाळगा: दात्यामधल्या चुंबकीय चक्रांमुळे किंवा तिसऱ्या ताऱ्यामुळेही हा आलेख वरखाली होतो. एकदोन दशकांच्या वळणावरून वायूचा दर जाहीर करू नये.

हेच समीकरण मागे चालवलं तर अल्गॉलचा भूतकाळ दिसायला हवा. कोनीय संवेग कायम असेल तर काल हा दोन वस्तुमानांच्या गुणाकाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो, आणि अंतर त्याच गुणाकाराच्या वर्गाच्या. आजचा गुणाकार २.२२. दोघं समसमान, १.९४ वस्तुमानाचे असताना तो ३.७४ होता. म्हणजे तेव्हा काल ०.६ दिवस, अंतर ४.७ सूर्यत्रिज्या आणि दोघांचे लोब १.८ च्या आसपास. पण त्या वस्तुमानाचे तारे तरुणपणीही साधारण एवढेच मोठे असतात! दोघंही एकमेकांना भिडलेच असते. म्हणून काही वायू आणि काही कोनीय संवेग जोडीबाहेर निसटला असावा, असं मानण्याकडे माझा कल आहे. गृहीतक नेमकं कुठे तुटतं ते दिसणं, हेही हिशेबाचंच फळ.

प्रवाह स्थिर राहील की अनावर होईल, हे दात्याच्या बाहेरच्या थरांवर ठरतं. तिथे उष्णता शांतपणे किरणांनी बाहेर जात असेल तर वायू गमावल्यावर तारा लगेच आक्रसतो आणि सांडवा आपोआप आवरला जातो. तिथे वायू खालीवर उकळत असेल तर वायू गमावल्यावर तारा उलट फुगतो. अशा दात्याचं प्रमाण प्र साधारण २/३ च्या पुढे असेल तर लोब ताऱ्याहून वेगाने आक्रसतो आणि प्रवाह अनावर होतो. चार तासांची आपली जोडी ०.४ वर, सुरक्षित बाजूला आहे.

आठवी पायरी: उत्तर आकाशात पडताळणं

तबकडी भाकीत केली असेल तर वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा दुहेरी शिखरांच्या दिसायला हव्यात: तबकडीची एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते. प्रवाह तबकडीच्या काठावर आदळतो तिथला तप्त ठिपका त्या शिखरांच्या मधून नागमोडी फिरतो, आणि तेजाच्या आलेखात पिधानाआधी एक उंचवटा काढतो. टॉम मार्श आणि कीथ हॉर्न यांनी १९८८ साली या सरकत्या रेषांवरून वेगांचा नकाशा बनवायची पद्धत दिली. तिच्यात प्रवाहाचा वाकलेला मार्ग वेगळा ओळखू येतो, आणि तो चौथ्या पायरीतल्या भिरकावलेल्या दगडाच्या मार्गाशी ताडून बघता येतो.

हा हिशेब कुठे लागू नाही

बटूचं चुंबकीय क्षेत्र फार प्रबळ असेल, एएम हर्क्युलिसच्या जातीत असतं तसं, तर ते प्रवाहाला मधेच पकडून थेट ध्रुवांवर नेतं. तबकडी होत नाही, पाचवी पायरी काहीही सांगो. दाता लोब न भरताच तारकीय वाऱ्याने वायू उधळत असेल, जसं व्हेला एक्स-१ या जोडीत, तर खिंडीचं चित्रच वेगळं होतं. आणि प्रवाह अनावर झाला तर दोघंही एकाच वायूच्या आवरणात बुडतात. व्ही-१३०९ स्कॉर्पाय या जोडीचं हेच झालं: तिचा सुमारे १.४ दिवसांचा काल वर्षानुवर्षं घटत गेला आणि २००८ साली दोन तारे मिळून एक झाले.

शेवटी स्वतः करून बघायला एक जोडी देतो. एचएम कॅन्क्री: काल ३२१ सेकंद, म्हणजे ०.००३७२ दिवस, वस्तुमानं सुमारे ०.२७ आणि ०.५५. घनतेचं सूत्र लावलं की प्रति घनसेंटिमीटर सुमारे १४,००० ग्रॅम येतात, म्हणजे दाताही श्वेत बटूच असणार. अंतर ०.०९५ सूर्यत्रिज्या, जेमतेम ६६,००० किलोमीटर. पृथ्वीसारखे पाच गोल ओळीने ठेवले तर भरेल एवढं. प्रवाहाचं सर्वांत जवळचं अंतर सुमारे ४,५०० किलोमीटर, आणि ग्राहक बटूची त्रिज्या सुमारे ९,०००. अल्गॉलसारखाच थेट मारा. दाता हलका आहे, म्हणून सातव्या पायरीप्रमाणे काल वाढायला हवा. प्रत्यक्षात तो दरवर्षी सेकंदाच्या सुमारे एक हजारांश भागाने घटतो आहे. एकूण कोनीय संवेग कायम राहतो, हे गृहीतक इथे चालत नाही: गुरुत्वीय लहरी तो बाहेर घेऊन चालल्या आहेत, वायूची देवाणघेवाण कक्षा रुंदावते त्याहून जास्त वेगाने.